कान गिरणीचे, डोळे पिक्चरचे

मुखेडात पिक्चरबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, हे कोणालाही विचारा. कॉलेजातल्या पोरांना विचारा, आडतीवरच्या मुनिमाला विचारा, नाहीतर स्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याला. सगळे एकच नाव घेतील, गिरणीवाली शिवकांताअक्का.

बाजारगल्लीत तिच्या नवऱ्याचं, मन्मथअप्पांचं किराणा दुकान आहे आणि दुकानाला लागून पिठाची गिरणी. दुकान अप्पांचं, गिरणी अक्काची. पूर्वी गिरणीवर एक गडी होता. दिवसाआड दांडी मारायचा. एका सकाळी बायका डबे घेऊन ताटकळत बसलेल्या पाहिल्या, तेव्हा अक्कानं पदर खोचला, खटका दाबला आणि गड्याला निरोप धाडला की आता येऊच नको. त्याला बावीस वर्षं झाली. आज तिच्या हातचं पीठ चिमटीत धरून डोळे मिटून ओळखणारे लोक गावात आहेत.

पण पीठ काय, चार ठिकाणी मिळतं. मत एकाच ठिकाणी मिळायचं. दाणे ओतायच्या चाड्याच्या वर खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल टांगलेला, त्यावर पिक्चर नाहीतर मालिका चालू, आणि खाली अक्का. डोक्यावरून कानापर्यंत पदर गुंडाळलेला, भुवया पिठानं पांढऱ्या, कपाळावरची विभूती कुठं संपली आणि पीठ कुठं सुरू झालं ते कळू नये. ज्वारी संपून गहू टाकायच्या आधी ती गिरणी दोन मिनिटं थांबवायची. त्या दोन मिनिटांच्या शांततेत मत यायचं, आणि ते ऐकायला बायका दळण झालं तरी थांबायच्या.

"त्या नऊ वाजताच्या मालिकेतली सासू बघा," अक्का म्हणायची. "दिवसभर सैपाकघरात उभी, अन् हाताला कणकेचा एक डाग न्हाई. असली बाई भाकरी करून राहिली म्हणं. मला नका सांगू."

किंवा एखाद्या नामांकित हिरोबद्दल, "लई भारी म्हणता, पण त्याला जेवता येत न्हाई. घास तोंडापाशी नेतो अन् हातातच धरून बसतो. ज्याला जेवायचं सोंग येत न्हाई, त्याला रडायचं काय येणार हाय?"

प्रतवारीही तिची स्वतःची होती. चांगला पिक्चर म्हणजे 'बारीक दळलाय'. बरा असेल तर 'भरड राहिला'. आणि टाकाऊ असेल तर 'खडे निघाले', मग त्यावर अपील नाही. शंभर कोटी कमावलेल्या पिक्चरला तिनं खडे काढले होते आणि मुखेडात तो चार दिवसांत उतरला होता. आता तो तिच्यामुळेच उतरला का, हे देव जाणे, पण अक्काला त्यात तिळमात्र शंका नव्हती. अभिमान होता तिला, आणि का नसावा? एकही पिक्चर अर्धा सोडून तिनं कधी मत दिलं नव्हतं.

जिल्हा परिषद शाळेतल्या उज्वलाबाईंनी हे सगळं पाहून मोबाईलवर एक ग्रुप काढला, 'अक्काचं दळण'. अक्का रोज दुपारी गिरणी थांबली की दोन मिनिटांचं बोलणं त्यावर पाठवायची. गावातल्या बायकांपासून सुरुवात झाली, मग लातूर-उदगीरला दिलेल्या लेकी आल्या, मग त्यांचे नवरेही आले. तीनशेच्या वर माणसं झाली.

आता यात एक गोम होती. ती गोम फक्त मन्मथअप्पांना ठाऊक होती, निदान अक्काची तशी समजूत होती. गिरणीत मोबाईल टांगल्यापासूनच्या नऊ वर्षांत अक्कानं एकाही पिक्चरचा आवाज ऐकलेला नव्हता.

ऐकणार कसा? गिरणीच्या घरघरीत माणूस शेजारी उभा राहून ओरडला तरी फक्त ओठ हलताना दिसतात. सुरुवातीला तिनं कानात वायर घालून पाहिली होती. अप्पा धावत आले आणि म्हणाले, वायर पट्ट्यात गेली तर कान जागेवर राहील का? बिनवायरचं यंत्र आणलं, ते आठ दिवसांत पिठानं बुजलं. आणि खरं सांगायचं तर अक्काला कान मोकळेच लागायचे. दाणे संपत आले की दगडाचा आवाज बदलतो. तो बदल कळला नाही की दगडावर दगड घासतो, पीठ करपतं, दगडावर घातलेले टाके झिजून जातात. म्हणून तिचं ठरलेलं होतं, कान गिरणीचे, डोळे पिक्चरचे. घरी म्हणाल, तर रिमोट अप्पांच्या हातात आणि पडद्यावर बातम्यांची भांडणं.

एकदा उज्वलाबाईंनी विचारलं होतं, "एवढ्या घरघरीत आवाज येतो का हो, अक्का? पदराखाली कानात काही लावता का?"

"लावते की," अक्का म्हणाली. बस, एवढंच. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्यावर नऊ वर्षांची इमारत उभी राहिली.

दोनदा पितळ उघडं पडता पडता राहिलं होतं. एकदा तिनं एका पिक्चरमधल्या भल्या माणसाचं तोंड भरून कौतुक केलं आणि ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, अक्का, तोच तर खुनी आहे. तिनं लगेच उत्तर धाडलं, "असंल. पण रडत रडत खून करतो तो, नीट बघा." लोकांनी परत पाहिलं आणि खरंच, तो रडत होता. दुसऱ्यांदा तिनं एका पिक्चरला 'बारीक' म्हटलं, आणि लोकांनी लावून पाहिला तर तो अख्खा तेलुगूत. मुखेडवाले बुचकळ्यात पडले, तेलंगणाच्या सीमेवरचे धर्माबादवाले खूश झाले, आणि सगळ्यांनी मानलं की अक्काला तेलुगूसुद्धा येतं.

तर अशा अक्काला यंदा नांदेडहून बोलावणं आलं. तिथल्या एका कॉलेजात मराठवाड्यातल्या लघुपटांची स्पर्धा होती, चौदा लघुपट, तीन परीक्षक. एक त्याच कॉलेजातले सुदर्शन सर, सिनेमावर व्याख्यानं देणारे. दुसरे लातूरचे शिवकुमार, लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ चालवणारे. तिसरा परीक्षक सामान्य प्रेक्षकांतला हवा होता, म्हणून उज्वलाबाईंनी अक्काचं नाव दिलं. गल्लीत पेढे वाटले गेले. अक्कानं ठेवणीतली इरकल काढली.

निघताना अप्पा एवढंच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिथं जाऊन उघडू नकोस."

"मी काय आज जल्मले का?" अक्का म्हणाली.

सकाळच्या एसटीनं अक्का आणि उज्वलाबाई नांदेडला उतरल्या. वेळ होता म्हणून बाजारात फिरल्या, अक्कानं देवाच्या वातींसाठी कापूस घेतला. मग कॉलेजच्या सभागृहात पहिल्या रांगेत, मऊ खुर्चीवर, हातात कागद आणि पेन घेऊन ती ऐटीत बसली. दिवे गेले, पहिला लघुपट सुरू झाला, आणि पाचव्या मिनिटाला अक्का अडली.

तिला स्वतःचं मतच येईना.

लघुपटाचं नाव होतं 'वाट पाहणारी चूल'. शहरात गेलेल्या लेकाची वाट बघणारी आई. सनई वाजली की अक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं. मागं कोणीतरी हुंदका दिला. अक्कानं डोळे पुसले आणि कागदावर 'बारीक' लिहिलं. दुसऱ्या लघुपटात ढोल वाजला, ती ताठ बसली आणि परत 'बारीक' लिहिलं. तिसऱ्यालाही तेच. मग तिची तिलाच शंका आली. सगळेच बारीक कसे निघतील? आजवर दहात एक निघायचा. हे मी बघून राहिले का मला कोणी सांगून राहिलं? सनई म्हणते रड, मी रडते. ढोल म्हणतो ऊठ, मी उठते. मग यात माझं काय?

तिनं इकडंतिकडं पाहिलं, पिशवीतला वातींचा कापूस काढला, दोन बोळे केले, पदराआड कानांत सारले आणि वरून तळहात दाबून धरले. सभागृह दूर गेलं. अक्काला हायसं वाटलं. डोळ्यांना पुन्हा काम मिळालं.

चौथ्यापासून पुढं तिला तिची मतं आली, जशी गिरणीवर यायची तशी. एक भरड, दोनांत खडे. आणि नववा लघुपट सुरू झाला तेव्हा ती खुर्चीच्या कडेला येऊन बसली.

त्याचं नाव 'चौकशी'. हदगावच्या आरती नावाच्या मुलीनं केलेला. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत एक बाई बसते. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगते. गर्दीतून एक तरुण मुलगी बॅग घेऊन खिडकीशी येते. तिची लेकच ती, नोकरीसाठी लांब निघालेली. मागून लोक ढकलत असतात, बोलायला सवड नाही. आई खालून डबा काढते आणि खिडकीच्या फटीतून सरकवते. डबा फटीतून जात नाही. ती आडवा करून बघते, तिरका करून बघते, जात नाही. मग ती झाकण उघडते आणि भाकरी एकेक करून फटीतून बाहेर देते. लेक ओंजळीत घेते. मागचा माणूस विचारतो तेव्हा आई त्याच्याकडे बघून गाडीची वेळ सांगते, पण हात भाकरी देतच राहतात. अक्कानं कान सोडून दोन्ही हात तोंडावर धरले. बोळे होते म्हणून बरं.

दुपारी जेवणानंतर तिन्ही परीक्षक एका खोलीत बसले. उज्वलाबाई टिपणं घ्यायला होत्या. सुदर्शन सरांनी पहिलं नाव घेतलं, 'वाट पाहणारी चूल'. संवाद उत्तम, पार्श्वसंगीत उत्तम. शिवकुमारांनी मान हलवली.

"माझं 'चौकशी'," अक्का म्हणाली.

सर हसले. "बाई, त्याचा एक शब्द तरी कळला का? नुसती इंजिनाची घरघर आणि वाऱ्याची फडफड. ध्वनिमुद्रण इतकं सदोष आहे, की मी तर तिसऱ्या मिनिटाला बघायचं सोडून दिलं. तो बादच करायला हवा." मग त्यांची नजर अक्काच्या पदराकडे गेली. "आणि माफ करा, पण कानात कापूस घालून बसलेल्या परीक्षकानं ध्वनीबद्दल बोलू नये. मी पाहिलंय मघाशी."

उज्वलाबाईंनी घाईनं वही मिटली. "अक्कांचे कान दुखतात, सर. सकाळी एसटीच्या खिडकीचं वारं लागलं."

केवढी सोय झाली होती. हो म्हणायचं आणि सुटायचं. नाव शाबूत, ग्रुप शाबूत, गल्लीत वाटलेले पेढे शाबूत. अक्काला अप्पांची झाकली मूठ आठवली. पण कान दुखतात म्हटलं, की हदगावच्या पोरीचा लघुपट गेलाच. आजारी बाईचं मत कोण धरणार? त्या फटीतून बाहेर येणाऱ्या भाकरी तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"कान ठणठणीत हायत माझे," अक्का म्हणाली. "दगड रिकामा चालला तर शंभर पावलांवरून कळावं इतके. कापूस मी आपल्या हातानं घातला." आणि मग तिनं सगळं सांगितलं. गिरणी, पट्टा, बुजलेलं यंत्र, नऊ वर्षं. सांगता सांगता ती उज्वलाबाईंकडे वळली. "तुमाला मी खोटं सांगितलं, बाई. कानात काही नसतं माझ्या."

"म्हणजे नऊ वर्षं तुम्ही न ऐकता मत देत होता?" सर म्हणाले.

"हाव. अन् तुमी आज न बघता दिलं," अक्का म्हणाली. "तिसऱ्या मिनिटाला सोडला म्हणालात न्हवं? मी आजपस्तोर एकबी पिक्चर सोडला न्हाई."

सर लालबुंद झाले. शिवकुमार मात्र खुर्ची पुढे ओढून बसले. "सर, एक सांगू? लग्नात बँडपुढं आम्हालाही काही ऐकू येत नाही. नवरीची आई कधी रडणार, ते तोंड बघूनच हेरावं लागतं. हुकलं तर पार्टी व्हिडिओ घेत नाही. दोन्ही परत लावा, आवाज बंद करून. काय बिघडतं?"

सरांनी खांदे उडवले. लॅपटॉपवर 'वाट पाहणारी चूल' लागला. सनई नाही, संवाद नाही. राहिली काय, तर चुलीपुढं बसून ओठ हलवणारी एक बाई.

"आता तिचे हात बघा," अक्का म्हणाली. "लेकाच्या आठवणीनं रडून राहिली म्हणं. तवा तापलाय, अन् भाकरी त्यावर चार मिनिटं तशीच. उलटली न्हाई, करपली न्हाई, धूर न्हाई. ही बाई चुलीपुढं पैल्यांदाच बसली. मघाशी मीबी रडले हिच्यासाठी, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी त्या सनईसाठी रडले."

मग 'चौकशी' लागला. पहिली भाकरी फटीतून बाहेर आली तेव्हा शिवकुमारांनी चष्मा काढला. तिसऱ्या भाकरीला उज्वलाबाई उठून खिडकीपाशी गेल्या. सुदर्शन सर मात्र शेवटपर्यंत बसून राहिले आणि यावेळी त्यांनी मध्येच सोडला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. मत मात्र बदललं नाही त्यांनी. ध्वनी हा सिनेमाचा अर्धा प्राण आहे, असं त्यांनी कागदावर लिहून सही केली. दोन विरुद्ध एक. पहिलं बक्षीस हदगावला गेलं.

बक्षीस द्यायला अक्कालाच उभं केलं, आणि दोन शब्द बोला म्हणाले. समोर तीनशे माणसं, उज्वलाबाईंच्या मोबाईलवरून थेट ग्रुपवर चाललेलं. खोलीतली गोष्ट खोलीत ठेवता आली असती. अक्कानं माईक तोंडापाशी धरला, जरा लांब केला आणि म्हणाली, "मी मुखेडची शिवकांता. मला लोक पिक्चरमधलं कळतं म्हणत्यात. मी पिक्चर ऐकत न्हाई, नुसती बघते. गिरणीवर दुसरं जमत न्हाई. ज्यांला हे फसवणूक वाटंल त्यांनी दळण दुसरीकडं न्यावं. पण या पोरीचा पिक्चर बारीक दळलाय, हे मी आजबी म्हणते अन् उद्याबी म्हणंन." आरतीनं वाकून तिच्या पायांना हात लावला.

ग्रुपवर सकाळपर्यंत एकाही माणसाचा एक शब्द नव्हता. एरवी शुभ सकाळच्या फुलांनी मोबाईल भरून जायचा. अक्कानं नेहमीसारखी पूजा आटोपली, विभूती लावली आणि कोणी येणार नाही असं मनाशी धरून गिरणीचं शटर वर केलं.

बाहेर गंगम्मा बसली होती. सत्तरीची, गल्लीतली सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, डबा मांडीवर. तिच्यामागं नेहमीच्या सात-आठ जणी.

"उशीर केलास," गंगम्मा म्हणाली. "टाक दळण."

अक्कानं डबा घेतला नाही. "अव्वा, काल मी नांदेडात काय बोलले ते ऐकलं का?"

"ऐकलं की. नातीनं लावलं होतं."

"मग?"

"मग काय? नवीन काय सांगितलंस त्यात, ग्रुपवर लिहायला?" गंगम्मा म्हणाली. "नऊ वर्षांत तुझा पदर किती येळा घसरला असंल, मोज. कानात फुलं, अन् फुलांवर पीठ. दुसरं काय दिसलं न्हाई कधी."

अक्का बघतच राहिली. "तुमाला सगळ्यांला ठावं होतं?"

"सगळ्यांला. उज्वलाबाईला बी. तू लावते म्हणालीस, आमी हो म्हणालो. तुझं तुला बरं वाटत होतं, आमाला काय करायचं?"

"अन् मग मला इचारत कशाला होता गं?"

गंगम्मानं मागच्या बायकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. "ऐकायला आमाला काय कमी हाय का, शिवकांता? घरात सासू ऐकवती, नवरा ऐकवतो, टीव्ही ऐकवतो. कोणाच्या हाताला पीठ लागलंय अन् कोणाच्या न्हाई, हे बघणारं कोण हाय? तू बघत होतीस. म्हणून इचारत होतो."

अक्कानं डबा घेतला आणि ज्वारी चाड्यात ओतली. मग डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. कान उघडे, कानांतली फुलं उघडी. एकटीला दिसेल असा टांगलेला मोबाईल तिनं वळवून सगळ्यांसमोर केला, त्यावर हदगावच्या पोरीकडून मागून घेतलेला लघुपट लावला आणि गिरणीचा खटका दाबला. घरघर सुरू झाली. सगळ्या जणी माना वर करून बघू लागल्या.

गंगम्माचं दळण दहा मिनिटांत झालं. ती उठली नाही.